धुराची खतावणी

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे रवाना झाली, तेव्हा १८५३ पासून बहात्तर वर्षे इंजिनाचा धूर आणि कोळशाची कणी डोळ्यांत घेऊन प्रवास करण्याची सवय जडलेल्या या शहराला बिनधुराची गाडी हा प्रकार मोठा अपूर्व वाटला असल्यास नवल नाही. तथापि धूर नाहीसा झाला म्हणावे तर तसेही घडले नव्हते. जी. आय. पी. रेल्वेने आपल्या विजेच्या गाड्यांसाठी पुढे लवकरच कल्याणनजीक चोळे येथे स्वतःचे वीजगृह उभारले आणि ते कोळशावर चालत असे. म्हणजे बोरीबंदरच्या फलाटावरील धुराने आपला मुक्काम उल्हास नदीच्या काठी हलविला, इतकेच. त्याच सुमारास सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेल्या पाण्यापासून खोपोली आणि भिवपुरी येथे टाटांची जलविद्युत केंद्रे चालू होती, हे लक्षात घेतले म्हणजे विजेची गाडी धूर ओकते की नाही, या प्रश्नाचे उत्तर गाडीकडे पाहून देता येत नाही, ती वीज कोणत्या दारातून आली हे विचारावे लागते, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच उघड झाली होती असे म्हणावयास हरकत नाही.

एखाद्या विशाल संस्थेने आपल्या कारभारातून वातावरणात जाणाऱ्या कर्बवायूचे प्रमाण कमी करावे आणि जे उरेल त्याची अन्य मार्गाने भरपाई करावी, हा विचार आज सर्वत्र मान्य झालेला आहे; आणि या विचाराची कसोटी पाहावयाची तर भारतीय रेल्वेसारखे दुसरे उदाहरण आपल्याकडे सापडणे कठीण. दररोज दोन कोटींच्या घरात उतारू आणि वर्षाकाठी दीडशे कोटी टन माल वाहणाऱ्या, बारा लाखांच्या आसपास नोकरवर्ग असलेल्या या खात्याने २०२० साली असा इरादा जाहीर केला की २०३० पर्यंत आपल्या कर्बवायूची निव्वळ बाकी शून्यावर आणावयाची. या संकल्पाची भव्यता नाकारण्याचे कारण नाही. पण शून्य हा आकडा असा आहे की जमेची आणि खर्चाची कलमे कोणती धरली यावर तो येतो अथवा येत नाही; आणि म्हणून प्रथम हिशेबाची वही उघडून पाहणे प्राप्त आहे.

या हिशेबाची जी पद्धती आज जगभर रूढ आहे ती वॉशिंग्टन येथील वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि उद्योगसंस्थांची एक जागतिक परिषद यांनी मिळून २००१ साली प्रसिद्ध केली. तिच्यात तीन खाती धरलेली आहेत. संस्थेने स्वतःच्या भट्टीत, बॉयलरमध्ये किंवा इंजिनात जे इंधन जाळले त्याचा धूर पहिल्या खात्यावर पडतो. तिने जी वीज विकत घेतली ती निर्माण करताना दुसऱ्या कोणाच्या धुराड्यातून जो वायू गेला तो दुसऱ्या खात्यावर. आणि तिने खरेदी केलेल्या सिमेंट-पोलादापासून तिने विकलेल्या वस्तूच्या वापरापर्यंत, तिच्या आवाराबाहेर परंतु तिच्या व्यवहारामुळे जे काही घडते, ते सारे तिसऱ्या खात्यावर. पहिली दोन खाती भरणे फारसे अवघड नाही, कारण इंधनाची आणि विजेची बिले दप्तरात असतात. तिसरे खाते मात्र अथांग आहे, आणि अनेक संस्थांचा प्रामाणिकपणा नेमका तेथेच आटतो.

रेल्वेच्या पहिल्या खात्यावरील सर्वांत मोठे कलम डिझेलचे. गेल्या दशकाच्या मध्यावर रेल्वे वर्षाला अडीचशे कोटी लिटरांहून अधिक डिझेल जाळीत असे. एक लिटर डिझेलचे वजन किलोहून कमी, सुमारे ८३० ग्रॅम, भरते. आणि तरीही ते जाळल्यावर अडीच किलोंहून अधिक, सुमारे २.६५ किलो, कर्बवायू निघतो, हे ऐकून प्रथम कोणाचाही विश्वास बसत नाही. परंतु त्यात चमत्कार काही नाही. डिझेलमधील कर्बाचा प्रत्येक अणू जळताना हवेतील प्राणवायूचे दोन अणू स्वतःस जोडून घेतो, त्यामुळे बारा भार कर्बापासून चव्वेचाळीस भार वायू तयार होतो आणि टाकीत जे वजन नव्हते ते हवेतून येऊन मिळते. या हिशेबाने अडीचशे कोटी लिटर डिझेलचा वायू पासष्ट लाख टनांच्या पुढे जातो. वाचकाने हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे झाडांची गोष्ट निघेल तेव्हा त्याची गरज पडणार आहे.

हे खाते रिकामे करण्याचा राजमार्ग म्हणजे विद्युतीकरण. १९२५ पासून २०१४ पर्यंतच्या नव्वद वर्षांत सुमारे २१,८०० किलोमीटर मार्गावर तारा चढल्या होत्या. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने उरलेल्या सर्व ब्रॉडगेज मार्गांच्या विद्युतीकरणास मंजुरी दिली, आणि आज त्या मार्गांपैकी फारच थोडा भाग तारेवाचून राहिला आहे. अंमलबजावणीचा हा वेग आपल्याकडील सरकारी कामाच्या लौकिकास न शोभणारा म्हटला पाहिजे. परंतु पहिल्या खात्यावरून निघालेले हे कलम गेले कोठे? एक लिटर डिझेल जे काम करते तेच काम विजेच्या इंजिनाकडून करून घ्यावयाचे तर ढोबळमानाने तीन ते चार युनिट वीज लागते. आणि आपल्या देशात आजही बहुतांश वीज कोळशाची असल्यामुळे दर युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो कर्बवायू हवेत जातो. गुणाकार केला तर उत्तर २.१ ते २.८ किलोंच्या दरम्यान येते. तिकडे २.६५ होते. म्हणजे कोळशाच्या विजेवर गाडी चालविली तर परकीय तेलावरील खर्च वाचतो, इंजिनाची ताकद वाढते, स्थानकांतील हवा सुधारते, हे सर्व लाभ खरे. परंतु कर्बवायूच्या दृष्टीने पाहता पहिल्या खात्यावरील रक्कम बहुतेक तशीच दुसऱ्या खात्यावर चढते आणि बचत झालीच तर ती किरकोळ असते. बिहारात नबीनगर येथे एनटीपीसीच्या भागीदारीत रेल्वेने १००० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र उभे केले आणि त्यातील बहुतांश वीज आपल्याचसाठी राखून ठेवली. ते केंद्र कोळशावर चालते. चोळ्याच्या वीजगृहाचा हा थोरला वारस म्हणावा.

यावरून विद्युतीकरण व्यर्थ गेले असा निष्कर्ष कोणी काढील तर तो मात्र चुकेल. डिझेलचे इंजिन आयुष्यभर डिझेलच पीत राहते. तारेखालच्या इंजिनाला वीज कोळशाची आहे की वाऱ्याची, हे कळतही नाही, आणि म्हणून एकदा तारा चढल्या की पुढची सर्व सुधारणा इंजिनाला हात न लावता मागील बाजूस करता येते. शिवाय विजेच्या अंगी असे काही गुण आहेत की ज्यांची बरोबरी डिझेलला करणे शक्य नाही, आणि खरी बचत, जिच्याविषयी वाद घालण्यास जागा नाही अशी बचत, त्या गुणांतून होते.

कर्जत ते लोणावळा या बोरघाटातील चढणीचेच पाहा. सदतीस फुटांस एक फूट असा तो चढ आहे, आणि गाडी वर न्यावयाची तर मागे आणखी इंजिने लावून रेटावी लागते. वर चढविलेल्या हजारो टन वजनात जी शक्ती साठते ती उतरताना पूर्वी बव्हंशी ब्रेकच्या ठोकळ्यांवर घासून उष्णतेच्या रूपाने वाया जात असे, आणि ठोकळेही झिजत ते वेगळेच. १९९० नंतरच्या दशकात परदेशी तंत्रज्ञानाच्या आधारे जी त्रिकला विद्युत इंजिने आपल्याकडे आली आणि पुढे चित्तरंजनच्या कारखान्यात तयार होऊ लागली, त्यांच्यात उतारावर मोटर उलट काम करून स्वतःच जनित्र बनते आणि वीज तारेत परत सोडते. ती वीज त्याच वेळी चढणाऱ्या दुसऱ्या गाडीस उपयोगी पडते. मुंबईच्या उपनगरी मार्गावर २००७ पासून आलेल्या नव्या गाड्यांतही हीच योजना आहे. आणि दर दोन-तीन मिनिटांनी थांबून पुन्हा धावणाऱ्या लोकलला तिचा जितका लाभ होतो तितका लांब पल्ल्याच्या गाडीलाही होत नसेल. दिल्ली मेट्रोने तर ब्रेकमधून परत मिळविलेल्या या विजेच्या बळावर २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या दरबारी आपल्या कर्बबचतीची नोंद करून घेतली, आणि अशी नोंद करणारी ती जगातील पहिली रेल्वे ठरली.

तारेतील दाबाचीही गोष्ट अशीच. १९२५ साली मुंबईत १५०० व्होल्टची एकदिश वीज घेतली गेली, ती त्या काळास अनुसरून होती. पण दाब कमी म्हणजे प्रवाह जास्त, आणि तारेत उष्णतेच्या रूपाने होणारी नासाडी प्रवाहाच्या वर्गाने वाढते. २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज घेतली की तेवढ्याच कामास प्रवाह सतराव्या हिश्श्यावर येतो आणि, तार तीच धरली तर, नासाडी अडीचशेव्या हिश्श्याच्याही खाली उतरते. पश्चिम रेल्वेने हे परिवर्तन २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेने आपल्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये पुरे केले; रोज लक्षावधी लोकांची ये-जा अखंड चालू ठेवून, रात्रीच्या दोन-तीन तासांच्या मुदतीत थोडेथोडे काम उरकून पार पाडलेली ही कामगिरी वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात विरून गेली, याची मला नेहमी खंत वाटते. डब्यांतील दिवे, पंखे आणि वातानुकूलन यांच्यासाठी गाडीच्या दोन्ही टोकांना डिझेल जनित्रांचा एकेक डबा लावण्याची जी रीत होती, तीही आता मोडत चालली असून इंजिन तारेतूनच वीज घेऊन ती सर्व डब्यांना पुरविते; असा एक जनित्र-डबा ताशी चाळीस ते सत्तर लिटर डिझेल खात असे आणि शिवाय त्याच्या शेजारच्या डब्यातील उतारूंना रात्रभर झोप येऊ देत नसे. स्थानकांवरील जुने दिवे जाऊन एलईडी आले, हे सर्वांना दिसतेच.

कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटर मार्गाचे विद्युतीकरण २०२२ साली पुरे झाले त्याचा एक आनुषंगिक फायदा येथे नमूद करण्याजोगा आहे. या मार्गावर ९१ बोगदे, आणि त्यांपैकी करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांबीचा. डिझेल इंजिनाचा धूर अशा बोगद्यांत कोंडून राहू नये म्हणून लांब बोगद्यांच्या ठिकाणी प्रचंड पंखे बसवावे लागले होते. धूर काढण्यासाठी वीज खर्चावयाची आणि ती वीज निर्माण करताना आणखी धूर करावयाचा, असे हे चक्र होते.

आता वीज कोणत्या दारातून घ्यावी हा प्रश्न. २००३ च्या विद्युत कायद्यान्वये रेल्वेला वितरण परवानाधारकाचा दर्जा आहे असे मान्य झाल्यावर तिला राज्यांच्या मंडळांवर अवलंबून न राहता थेट उत्पादकाकडून वीज घेण्याची वाट खुली झाली, आणि तिचा पहिला मोठा उपयोग २०१५ च्या अखेरीस महाराष्ट्रातच झाला, तोही दाभोळच्या केंद्राकडून. ज्या केंद्रापायी एन्रॉन कंपनीच्या नावाने आपल्याकडे एवढे रणकंदन माजले, त्याच वायूवर चालणाऱ्या केंद्राची वीज अखेर रेल्वेच्या गाड्यांना लागली. वायूच्या विजेचा कर्बभार कोळशाच्या विजेच्या निम्म्याच्या आसपास असल्यामुळे या बदलाने दुसऱ्या खात्यावरील रक्कमही काही अंशी उतरली. पुढचा टप्पा सूर्याचा आणि वाऱ्याचा. मध्य प्रदेशात बीना येथे रेल्वेच्या पडीक जमिनीवर १.७ मेगावॉटचे सौर केंद्र २०२० मध्ये उभारून त्याची वीज थेट २५,००० व्होल्टच्या तारेत सोडण्याचा प्रयोग झाला, सांगलीकडच्या पठारांवर पवनचक्क्या बसल्या, स्थानकांच्या छपरांवर सौरपट्ट्या आल्या. बीनाचा आकडा लहान आहे, इतका लहान की एका दमदार मालगाडी इंजिनाला जोर लावावयास सांगितले तर ते एकटेच त्या केंद्राची सारी वीज गिळून आणखी मागेल. पण त्याहून मोठी अडचण वेळेची आहे. रेल्वे रात्री झोपत नाही; किंबहुना आपल्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या रात्रीच अधिक धावतात. वर्षभरात जितकी युनिटे वापरली तितकी सौर युनिटे कोठेतरी निर्माण करवून दोन्ही रकमा एकमेकांत वळत्या केल्या की कागदावर बाकी शून्य येते, परंतु मध्यरात्री कसारा घाट चढणारी गाडी त्या क्षणी कोळशावरच चाललेली असते. वार्षिक ताळेबंदाऐवजी तासाचा ताळेबंद मांडावा अशी मागणी अलीकडे जगात होऊ लागली आहे ती याच कारणास्तव, आणि माझ्या मते ती रास्त आहे.

इतके करूनही काही बाकी राहतेच, आणि तेथे भरपाईचा विषय येतो. भरपाईचे आपल्याकडील सर्वांत लोकप्रिय साधन म्हणजे वृक्षारोपण. रेल्वेजवळ रुळांच्या दुतर्फा विपुल जमीन आहे आणि तेथे झाडे लावणे हे सर्वथैव स्तुत्य कृत्य आहे. पण ते कर्जफेड म्हणून मांडावयाचे तर मघाचा पासष्ट लाख टनांचा आकडा आठवावा लागेल. एक वाढते झाड उदार मनाने वर्षाला वीस किलो कर्बवायू शोषते असे धरले, तर केवळ त्या एका वर्षाच्या डिझेलच्या फेडीसाठी सुमारे साडेबत्तीस कोटी झाडे वर्षभर राबली पाहिजेत. महाराष्ट्र शासनाने २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी रोपे लावण्याचा जो संकल्प सोडला होता, तो एक संपूर्ण राज्य कामास लावून सोडला होता. आणि रोप लावणे निराळे, ते जगवणे निराळे, हे मराठवाड्यातील कोणताही शेतकरी सांगू शकेल. शिवाय झाडात साठलेला कर्ब हा कायमचा जमा नव्हे, ती ठेव आहे. वणवा लागला, कुऱ्हाड पडली, की ती व्याजासकट हवेत परत जाते, तर खाणीतून काढून जाळलेला कोळसा पुन्हा खाणीत जात नाही. मुंबईत आरे येथे मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन हजारांहून अधिक झाडे पडली तेव्हा एका बाजूने असे सांगितले जाई की मेट्रोमुळे जो धूर वाचेल त्यापुढे या झाडांचा कर्ब अल्प आहे. गणित म्हणून ते चूक नव्हते. पण सावली, पाणी मुरणे आणि बिबट्याचा रस्ता ही कलमे त्या गणितात कोठेच नव्हती.

दुसरे साधन म्हणजे दुसऱ्याने वाचविलेला धूर विकत घेणे. १९९७ च्या क्योटो तहनाम्याने ही बाजारपेठ उघडली: श्रीमंत देशांतील कारखान्याने आपला धूर चालू ठेवावा आणि गरीब देशात कोणी धूर कमी केला तर त्याचे प्रमाणपत्र खरेदी करून आपल्या खात्यावर जमा दाखवावे. यजमानाने पथ्य मोडीत राहावे आणि त्याच्या वतीने पुरोहिताने दक्षिणा घेऊन अनुष्ठान करावे, त्यातलाच हा प्रकार. अनुष्ठान खरोखर झाले की नाही, एवढाच काय तो प्रश्न उरतो. साताऱ्याच्या आणि धुळ्याच्या माळावरील कितीतरी पवनचक्क्यांनी अशी प्रमाणपत्रे मिळविली. परंतु नियमाची मेख अशी होती की प्रमाणपत्राचा पैसा मिळाला नसता तर ती पवनचक्की उभीच राहिली नसती, असे सिद्ध झाले पाहिजे. आणि आपल्याकडील पवनचक्क्यांना घसाऱ्यापोटी आयकरात जी भरघोस सवलत मिळत होती ती पाहता, त्यांपैकी कित्येक प्रमाणपत्राविनाही उभ्या राहिल्या असत्या अशी शंका जाणकारांना येत असे. जी गोष्ट होणारच होती तिच्याबद्दल दक्षिणा घेतली गेली तर यजमानाचा धूर मात्र शिल्लक राहतो. २००८ साली टनामागे वीस युरोंच्या आसपास असलेला या प्रमाणपत्रांचा भाव २०१२ च्या अखेरीस एका युरोच्याही खाली कोसळला, त्याला मंदी आणि युरोपच्या नियमांतील बदल कारण झाले हे खरे, पण बाजारातील विश्वास अगोदरच पातळ झालेला होता. म्हणून भरपाईला हिशेबात अगदी शेवटचे स्थान असावे, आणि ती भरपाई स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या देखरेखीखाली, मोजता येईल अशी असावी, असे माझे मत आहे. जी संस्था वहीच्या पहिल्या पानावरच झाडांचा आकडा लिहिते तिची पुढची पाने जरा अधिक लक्षपूर्वक वाचावीत.

आतापर्यंत आपण रेल्वेच्या वहीतच डोके घालून बसलो. पण रेल्वे देशाच्या हवेचे जे सर्वांत मोठे भले करू शकते त्याला त्या वहीत रकानाच नाही. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना घर्षण इतके अल्प असते की तोच एक टन माल तेवढेच अंतर ट्रकने नेण्यास जे इंधन लागते त्याचा एक अंशच रेल्वेला पुरतो. स्वातंत्र्याच्या सुमारास देशातील ऐंशी टक्क्यांहून अधिक माल रेल्वेने जात असे. आज तो वाटा तीस टक्क्यांच्या आसपास आला आहे, आणि उरलेला माल मुंबई-आग्रा रस्त्यावर रात्रंदिवस आपल्याला दिसतोच. हा वाटा २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचा रेल्वेचा मानस आहे, आणि दादरीपासून न्हावाशेवा बंदरापर्यंत १,५०६ किलोमीटरचा जो स्वतंत्र मालवाहतूक मार्ग आखला गेला त्यामागे हाच हेतू. कोकण रेल्वेने तर १९९९ च्या प्रजासत्ताकदिनापासून भरलेले ट्रकच वाघिणींवर चढवून कोलाडहून गोव्यात वेर्ण्यापर्यंत नेण्याची युक्ती काढली. चालक आपल्या ट्रकमध्ये बसून चहा पितो, आणि घाटवळणांत जे डिझेल त्याच्या टाकीतून जळावयाचे ते जळत नाही. गंमत अशी की रस्त्यावरचा माल रुळावर आला की रेल्वेची वीज वाढते, दुसरे खाते फुगते आणि शून्याचा संकल्प तितका दूर जातो. त्याच वेळी देशाचा धूर मात्र घटतो. उलटपक्षी रेल्वेने माल नाकारला, गाड्या कमी केल्या, तर तिची वही निर्मळ दिसेल आणि महामार्ग काळे होतील. तेव्हा अधिकाऱ्याची बढती कोणत्या आकड्यावर अवलंबून ठेवावयाची, हा प्रश्न वाटतो तितका कारकुनी नाही.

आणि याच रकान्याच्या अभावी आणखी एक कलम झाकले जाते. रेल्वे जो माल वाहते त्यातील सुमारे निम्मा, वजनाने पाहता, कोळसा आहे. चंद्रपूरच्या, कोराडीच्या, नबीनगरच्या भट्ट्यांपर्यंत तो पोचविणे हाच रेल्वेच्या उत्पन्नाचा कणा असून उतारूंचे भाडे स्वस्त ठेवण्यासाठी जो तोटा सोसावा लागतो तो बव्हंशी याच मिळकतीतून भरून निघतो. रेल्वेला स्वतःसाठी निर्मळ वीज हवी तर देशात कोळशाची वीज कमी झाली पाहिजे, आणि ती कमी झाली की तिच्या निम्म्या वाघिणी रिकाम्या उभ्या राहतील. त्या वाघिणींत उद्या काय भरावयाचे, सिमेंट, धान्य, मोटारगाड्या, कांदा की बंदरावरचे कंटेनर, आणि त्यासाठी ट्रकवाल्याच्या तोडीची दारापर्यंतची सेवा आणि वेळेची हमी द्यावयाची कशी, याची तजवीज २०३० च्या मुदतीत लिहिलेली नाही. पण रेल्वे भवनातील ज्या मेजावर सौरपट्ट्यांच्या निविदा उघडल्या जातात, त्याच्या शेजारच्या मेजावर मालवाहतुकीचे दरपत्रक ठरते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे या दोन मेजांपैकी धुराचा खरा निकाल दुसऱ्या मेजावर लागावयाचा आहे.